देवाची फळी

कराडच्या नाक्यावरचा तो म्हातारा मिस्त्री गाडीशी बोलायचा, मालकाशी नाही. माझ्या मोटारीच्या टपावर मी पुढच्या बाजूला हातभर उंच फळी उभी ठोकली होती आणि तिच्यावर खंडोबाचं नाव रंगवलं होतं. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. सांगलीहून परतताना पेट्रोल संपून गाडी इस्लामपुरातच मान टाकायची आणि मी कार्बोरेटरला शिव्या द्यायचो.

त्या दिवशी आईला सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणायचं होतं. शेवटच्या कुपनाचं पेट्रोल टाकीत होतं, म्हणून निघण्याआधी गाडी मिस्त्रीला दाखवली.

मिस्त्रीनं डोक्याचा फेटा सोडून टरकावला, चिंध्या टपावर बांधल्या आणि मला गाडी पळवायला लावली. स्वतः दाराच्या पायरीवर उभा. इतर चिंध्या मागं उडत होत्या, फळीमागच्या मात्र उलट्या पुढं झेपावत होत्या.

"बये, हितं वारं अडतंय तुजं," तो गाडीला म्हणाला.

"आवं, देवाचं नाव हाय! काढायचं कसं?" मी चिडलो.

त्यानं चपला काढल्या, फळी उतरवली, कपाळाला लावली आणि आत मागच्या सीटसमोर आडवी बसवली. "देवाला वाऱ्यात कशापायी उबा करायचा?"

संध्याकाळी आईला घेऊन मी थेट त्याच्या दारात थांबलो. त्यानं टाकीत काठी घातली. काठी दोन बोटं ओली निघाली आणि माझा जीव भांड्यात पडला. तो मात्र खिडकीतून वाकून फळीला हात जोडत होता.

"वारं लागलं न्हाई न्हवं?"

"न्हाई बाबा," फळीवर हात ठेवून आई म्हणाली, "लय सुखात आलो आमी दोगं."