अंबर, व्हाइट आणि मोनिकाचे मिस्टर

मी तज्ज्ञ आहे ही बातमी मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी, दुधी किसताना कळली.

हसू नका. चहा घ्या, सगळं सांगतो. फजिती माझीच आहे, तेव्हा दुसऱ्या कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही.

तर मंगळवार, माझा सुट्टीचा दिवस. अबुधाबीच्या अल रीम बेटावर, एकविसाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी एकटा. मोनिका, माझी बायको, गेल्या मार्चमध्ये गेली. तेव्हापासून मी आठवड्याला एक भाजी शिकतो. तो आठवडा दुधीचा होता. फोन वाजला.

"सर, मी कासम, मुसफ्फातून. मोनिकाबायच्या गाडीचं काम झालं. फक्त पुढच्या लाइट राहिल्यात, जुन्या फुटल्यात. तुम्ही सांगा, अंबर की व्हाइट?"

कासमभाई मूळचे रत्नागिरीचे. मुसफ्फाच्या गॅरेजांच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. वाळवंटात जाणाऱ्या गाडीला जे जे म्हणून चिकटवता येतं, ते सगळं तिथे मिळतं. शनिवारी वाळूत गाड्या घालणाऱ्या मंडळींचा एक ग्रुप आहे, त्याचे ते मुकादम. आणि मोनिका त्या ग्रुपमध्ये होती. हो, माझी बायको. वसईची, पेशाने नर्स, उंची पाच फूट. वाळूच्या टेकडीवरून गाडी अशी उतरवायची की टेकडीलाही कळू नये. मी? टेकडी कॅलेंडरवर शोभते या मताचा.

ती गेल्यावर गाडी इमारतीच्या तळघरात झाकून उभी होती. आता आमच्या मुलीने, शेरीलने ठरवलं होतं की येत्या शनिवारी आईची गाडी घेऊन ग्रुपबरोबर लिवाच्या वाळवंटात जायचं. शेरील दुबई मरीनाला राहते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"कासमभाई, तुम्हाला योग्य वाटेल ते बसवा," मी म्हणालो.

"असं कसं सर? लाइटच्या बाबतीत अख्खा ग्रुप तुमच्या शब्दावर चालतो."

"माझ्या?"

"मग कोणाच्या? 'मोकळ्या हवेत व्हाइट चालेल. पण दाट, दमट हवेत व्हाइट उलटतं, आपल्याच तोंडावर येतं. अंबर गुमान पुढे सरकतं, समोरच्याला त्रास देत नाही.' कोण बोललं हे? मोनिकाबायचे मिस्टर. त्या शब्दावर मी सहा गाड्यांना अंबर बसवलंय. धुक्यात रस्ता असा दिसतो सर, बस."

मी किसणी खाली ठेवली. कारण ती वाक्यं खरोखरच माझी होती, शब्दन् शब्द. फक्त ती दिव्यांबद्दल नव्हती.

आता थोडं मागे जावं लागेल. मी पंचवीस वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा आहे. इकडे अत्तर लावल्याशिवाय माणूस लिफ्टमध्ये शिरत नाही. लिफ्टचं दार उघडलं की मी डोळे मिटून सांगू शकतो, हे ऊद, हा गुलाब, हे अंबर, ही व्हाइट मस्क. व्हाइट मस्कला आम्ही काउंटरवाले नुसतं 'व्हाइट' म्हणतो. आयुष्यात मला कशातलं काही कळत असेल, तर ते एवढंच.

दोन हिवाळ्यांपूर्वी एकदा मोनिकाने नाश्त्याला विचारलं होतं, "ऐक ना. अंबर की व्हाइट?"

मी आठवड्याच्या ड्यूट्या लावत होतो. मान वर न करता विचारलं, "कुठे लावायचंय?"

"पुढे. दोन्ही बाजूंना."

तुम्हीच सांगा, सभ्य माणसाने यातून काय समजावं? मी समजलो, गळ्याला.

"मग एकेक पुरे," मी म्हणालो. "लोकांना वाटतं, जास्त लावलं की जास्त शोभतं." आणि मग मी दाट हवा, दमट हवा, समोरच्याला होणारा त्रास असं सगळं ऐकवलं. बऱ्याच दिवसांनी मला कोणी माझ्या विषयातलं विचारत होतं. थांबवेना.

मोनिकाने शांतपणे ऐकून घेतलं. तिचा पाव चहात बुडून तुटला तरी तिचं लक्ष नव्हतं. "बरं झालं तुला विचारलं," म्हणाली आणि उठली.

तर मंगळवारी, फोन कानाला लावून, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे सांगून टाकायचं की, बाबा, गैरसमज झालाय. पण जरा विचार करा. मोनिका शेवटपर्यंत त्या माणसांत सांगत होती की माझ्या नवऱ्याला यातलं कळतं. मी 'मला काही कळत नाही' म्हटलं तर खोटी कोण ठरते? आणि बाजू मांडायला ती नाही. तिचा शब्द राखायचा तर मला शनिवारपर्यंत तज्ज्ञ होणं भाग होतं.

"मी येऊन बघतो," मी म्हणालो. तज्ज्ञ लोक असंच म्हणतात.

दोन दिवस मी इंटरनेटवर दिव्यांबद्दल वाचत बसलो. निम्मे लोक म्हणत होते, पांढरा उजेड जास्त, लांबवर जातो. निम्मे म्हणत होते, धुक्यात आणि धुळीत पिवळाच, म्हणजे अंबरच, पांढरा परत डोळ्यांवर येतो. दोन्हीकडचे एकमेकांचा उद्धार करत होते. माझी झोप उडाली. मुलगी गाडी चालवणार, दिवसच धुक्याचे, आणि सल्ला अत्तराचा.

गुरुवारी मुसफ्फाला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. कासमभाईंनी माझी ओळख करून दिली. "हे मोनिकाबायचे मिस्टर." दोन जण उठून उभे राहिले.

"सर, तुमची एक गोष्ट मात्र जड जाते," कासमभाई हळूच म्हणाले. "ती पांढऱ्याची."

"कुठली?"

"'अंबर पांढऱ्यावर लावू नये, डाग पडतात.' पांढऱ्या गाडीवाल्यांना मी अंबर बसवत नाही. आता या देशात पांढरी नसलेली गाडी किती सापडणार, सर? रोज चार गिऱ्हाइकं परत जातात. कारण विचारतात. मी सांगतो, वरून ऑर्डर आहे."

पांढऱ्या शर्टावर अंबराचा तेलकट डाग पडतो, हे मी त्या सकाळी सांगितलं होतं खरं. तेसुद्धा तिने जसंच्या तसं पोचवलं होतं. चेहरा जराही न हलवता पोचवलं असणार. मला त्या दुकानात हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं.

"डागांचं पुन्हा तपासू," मी म्हणालो.

कासमभाईंनी दोन खोकी माझ्यापुढे ठेवली. बघायचं काय, मला कुठे माहीत? पण पंचवीस वर्षांची सवय. मी एक खोकं उघडलं आणि नाकाला लावलं.

गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"जळकं रबर," मी म्हणालो. खरंच येत होता तसा वास.

कासमभाईंनी ते खोकं माझ्या हातातून घेतलं, हुंगलं आणि मागच्या पोऱ्याला, म्हणजे चाळिशीच्या मेहुण्याला, सांगितलं, "या कंपनीचा माल बाजूला काढ. सील खराब आहे. सरांनी वासावर पकडलं." मी निघालो तेव्हा एक गिऱ्हाईक टायर हुंगत होतं.

पण निर्णय द्यायचा राहिलाच होता. अंबर म्हणावं तर अत्तराच्या भरवशावर पोरीला धुक्यात सोडायचं. व्हाइट म्हणावं तर मोनिकाचा शब्द मोडायचा. शेवटी मी रिसेप्शनवर शिकलेलं केलं. दोन पाहुणे भांडत असतील, तर दोघांनाही खोली द्यावी.

"एक अंबर, एक व्हाइट," मी म्हणालो. "डावीकडे व्हाइट, उजवीकडे अंबर."

कासमभाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग अत्यंत आदराने म्हणाले, "हे आमच्या डोक्यात आलं नसतं."

शनिवारी पहाटे शेरील मला घ्यायला आली. मीही जावं असा ग्रुपचा आग्रह होता. गाडीचे दिवे पाहून ती म्हणाली, "डॅड, व्हाय इज मॉम्स कार विंकिंग अॅट मी?" वाटेत मी तिला सगळं सांगितलं. ती पेट्रोल पंप येईपर्यंत हसत होती. तिला तसं हसताना मी मार्चपासून पाहिलं नव्हतं.

लिवाजवळ डांबरी रस्ता सोडायच्या जागी सगळे जमले. सात गाड्या. धुकं इतकं की हातातला करक चहाचा कप दिसेना, नुसता गरम लागायचा. वाळूसाठी टायरची हवा कमी केली. समोर दोनेक किलोमीटर सपाट जमीन, मग टेकड्या. मोबाईलला रेंज नाही.

"अर्धा तास थांबू या का, सर?" कासमभाईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणालो असेन? "दिवे आहेत ना?"

"यल्ला, निघू या," कासमभाई म्हणाले. "आज मोनिकाबायची गाडी पुढे. मी सगळ्यात शेवटी."

निघालो. डावीकडे व्हाइट, तिथे दुधाची भिंत. उजवीकडे अंबर, तिथे जमीन दिसत होती, खडा न् खडा. आता ज्या बाजूला दिसतं त्या बाजूला माणूस थोडा जास्त वळतोच. शेरील थोडी उजवीकडे गेली. पुन्हा थोडी उजवीकडे. मागच्या सहा गाड्या श्रद्धेने आमच्या मागे.

वीस मिनिटं झाली तरी टेकड्या येईनात. मग समोर धुक्यात दोन लाल दिवे दिसले.

"डॅड, देअर इज समवन अहेड ऑफ अस."

एवढ्यात वॉकीटॉकीवर कासमभाईंचा आवाज आला. "सर, मी शेवटची गाडी ना? मग माझ्या मागे कोण आलंय? एक डोळा पिवळा, एक पांढरा."

शेरीलने ब्रेक दाबला. सात गाड्यांची मिरवणूक घेऊन मी स्वतःच्याच शेपटीपर्यंत पोचलो होतो.

"सर," पुन्हा आवाज आला, "हे काय दिवे लावलेत?"

हा प्रश्न होता की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. मराठीची हीच अडचण आहे.

सगळे उतरले. कासमभाई आमच्या गाडीसमोर उभे राहिले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "सर, यामागचा विचार काय होता?"

"तुलना," मी म्हणालो.

ते पटल्यासारखी मान हलवत राहिले. शेरीलने माझी कानटोपी काढून व्हाइटवर चढवली आणि एकट्या अंबरचा उजेड पुढे गेला. सरळ, कोणालाही त्रास न देता. टेकडीचा पायथा स्वच्छ दिसला, डावीकडे, शंभर पावलांवर.

कासमभाई तिकडे बघत म्हणाले, "सर, एक सांगू? आज मोनिकाबायची गाडी आहे, तर बोलतो. राग मानू नका. बाय पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिने स्वतःच सांगितलं होतं, धुक्यात अंबर लावा. बारा वर्षं दर आठवड्याला ड्यूटीवरून रुवैसहून अबुधाबीला धुक्यातून गाडी चालवत येते, म्हणाली. आम्ही चार पुरुष बसलो होतो. हसलो. मीच म्हणालो, बाय, मिस्टरांना विचारून या. ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली, म्हणाली, विचारलं. आणि तुमचं ते सगळं सांगितलं. मग आम्ही ऐकलं."

मी रिसेप्शनचा माणूस. माझा चेहरा सहसा हलत नाही. त्या दिवशी धुकं होतं ते बरं झालं.

म्हणजे तिला उत्तर विचारायचंच नव्हतं. उत्तर तिच्याकडे बारा वर्षं होतं. तिला फक्त मिस्टर हवे होते, नावापुरते. आणि मिस्टर अत्तरावर बोलत सुटले, तर तिने त्यातच काम भागवलं. घरातली कुठलीही वस्तू वाया न घालवणारी बाई. वर डागांचं सांगून त्या हसणाऱ्या चौघांना दोन वर्षं पांढऱ्या गाड्या परत पाठवायला लावल्या, ते वेगळंच. सव्वीस वर्षं संसार केला मी तिच्याशी, आणि एवढी हुशार बाई माझ्याच टेबलावर बसून पाव बुडवत होती.

"पण सर," कासमभाईंनी विचारलं, "बायने विचारलं तेव्हा तुम्हीसुद्धा नेमकं अंबरच कसं सांगितलंत?"

शेरील माझ्याकडे बघत होती. "डॅड. टेल हिम."

मी घसा साफ केला. सगळे जवळ आले. दोघांनी रेकॉर्ड करायला मोबाईल पुढे धरले.

"अनुभव," मी म्हणालो.

याला आता तीन आठवडे झाले. धुक्यातलं सगळं ज्ञान मोनिकाचं होतं आणि मला फक्त अत्तरातलं कळतं, हे त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.