भाभींचं बोट का अडलं

प्रश्न विचारून झाला की ती गप्प बसायची. समोरचा खाकरायचा, आढ्याकडे बघायचा, तरी ही शांत. आमच्या कोल्हापुरात एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. अशा गावात तिला ‘गप्पबाई’ हे नाव मीच ठेवलं. पण तिच्याइतकं मन लावून ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शाहूपुरीतल्या एका कंपनीनं हुपरीच्या पैंजण कारागिरांसाठी मोबाइल ॲप तयार केलं होतं. घरबसल्या कामाच्या ऑर्डरी घ्यायच्या. ते लोकांना वापरता येतं का, हे शोधणं तिचं काम. मी जन्मभर हुपरीत चांदीची दलाली केलेली, म्हणून घरं दाखवायला मला घेतलं.

एसटीत ती म्हणाली, “काका, माणसं गाठून द्यायची तुम्ही. विचारायचं, बघायचं मी. ॲप उघडून कोण कुठल्या पानावरून मागं फिरलं हे मोजायला ऑफिसात वेगळा माणूस आहे. आणि बदल काय करायचा, ते स्क्रीन आखणारे ठरवतील. एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही.”

“म्हणजे पंगतीसारखंच की. आचारी वेगळा, वाढपी वेगळा.”

“आणि वाढप्यानं ‘चांगलं झालंय म्हणा’ असं सांगत फिरायचं नाही,” ती हसली.

मी नेमकं तेच केलं. पुढं जाऊन घरोघर सांगितलं, “पावणी लांबनं आलीया. नावं ठिवू नगा.” पाहुणीचं मन मोडू नये, एवढंच डोक्यात.

घुंगरू जोडणाऱ्या शबानाभाभींच्या हातात तिनं फोन दिला. भाभींचं बोट मध्येच अडलं. मला राहवेना. वाकून मीच बटण दाबलं.

“काका, तुम्हाला येतं हे कळलं,” गप्पबाई हळूच म्हणाली. “भाभींना येतं का, ते राहिलंच.”

“येतंय की! लई झ्याक हाय,” भाभींनी माझ्याकडे बघत ठोकून दिलं. सगळ्या घरांत हेच.

ॲप सुरू झालं, पण कारागिरांना ते वापरता येईना आणि ऑर्डरी अडकल्या. कंपनीचे साहेब भडकले, “हुपरीत जाऊन केलं काय तुम्ही?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “विचारायचं काम माझं होतं. चूक माझी.”

मी मान खाली घालून बसलो. तिची नोकरी गेली. त्या बाईला काम येत नव्हतं, असं लोक अजून म्हणतात. ते खोटं आहे, म्हणून हे लिहितोय.

काल तिला फोन लावला. पलीकडं तीच शांतता. तिच्यापुढं मी सगळं ओतलं. साहेबांनाही सांगतो, म्हणालो.

“सांगा,” ती म्हणाली. “पण काका, त्या दिवशी भाभींचं बोट अडलं कशानं?”

भाभी काही बोलायच्या आत मीच बटण दाबलं होतं.