गुआसा ऐकू येते तोवर

आमच्या गावात माणूस मेला की वाचला, हे डॉक्टर मागाहून सांगतो. धक्क्यावरच्या बायकांना ते आधीच कळलेलं असतं. टूना मासे मारून होड्या परत येताना खलाशांची गुआसा कानावर पडली, की बायका निवांत. होड्या मुकाट आल्या, की कुणाच्या तरी घरी आज चूल पेटणार नाही.

गुआसा म्हणजे काय, हे स्पेनमधल्या आमच्या काडिझकडच्या माणसाला विचारू नका, तो तुमचीच फिरकी घेईल. मी सांगतो. समोरच्याची टर उडवायची, पण आपल्या चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. हसलात की खेळ संपला. पोटात राग असेल तर ती गुआसा नाही, ती शिवी. कुणी नवी टोपी घालून आला, की 'आज कुणाचं लग्न काढलंय?' असं विचारायचं. पूर्वेचा वारा आठवडाभर होड्या किनाऱ्याला अडवून धरतो, तेव्हाही आम्ही म्हणतो, 'काय गुआसा आहे बाबा या वाऱ्याची', आणि तेव्हा कुणाच्याच मनात गंमत नसते. फक्त मेलेल्याची टर कुणी उडवत नाही. त्याच्याशी सगळे अदबीनं वागतात.

क्रिसांतो मालिया यातला उस्ताद. मी उभी हयात त्याच्या डाव्या अंगाला उभा राहून मासे मारले. आमचं काम म्हणजे कत्तल, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. चार होड्यांचा चौकोन, मध्ये जाळं. जाळं वर ओढत आणलं की गोऱ्ह्याएवढाले टूना एकमेकांवर आपटायला लागतात, डोकी फुटतात, पाणी लाल होतं. आम्ही होडीच्या काठावरून वाकायचं, लोखंडी आकडा कल्ल्यात रुतवायचा आणि दोघा-तिघांनी मिळून धूड आत ओढायचं. शेपटीचा फटका बसला तर बरगडी जाते. रक्त तोंडात उडतं, ते थुंकायलाही सवड नसते. आणि या सगळ्यात क्रिसांतो माशाला म्हणायचा, "या बाईसाहेब, पाय पुसून आत या." मग आमच्या तांडेलाकडे, एउलोहिओकडे, वळून म्हणायचा, "तांडेल, ते टक्कल झाका. मासे बिचकतात." एउलोहिओ टोपी आणखी खाली ओढायचा आणि म्हणायचा, "तुझं तोंड बघून ते आधीच अर्धमेले झालेत."

मग एका मे महिन्यात एका टूनानं त्याचा उजवा हात होडीच्या काठावर चिरडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. काडिझच्या इस्पितळात तो कोपराखाली कापला. क्रिसांतो रिकामी बाही खिशात खोचून परत आला आणि आमच्या सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या. ज्याला रोज अरे-तुरे करायचो, त्याला माणसं 'अहो' म्हणायला लागली. दारूच्या गुत्त्यात त्याच्यासाठी उठून उभी राहायला लागली.

घरी त्याची बायको रेमेडिओस मात्र त्याला सोडत नव्हती. "बरं झालं, एका बाहीचं धुणं वाचलं," म्हणायची. पण क्रिसांतो मला म्हणाला, "घरच्या गुआसेनं माझं भागत नाही रे. ती बायकोच आहे, ती बोलणारच."

एका दुपारी गुत्त्यात तानोनं त्याला खुर्ची दिली. तानो म्हणजे आमच्यातला सगळ्यात गरीब स्वभावाचा गडी. "बसा क्रिसांतो," एवढंच म्हणाला बिचारा. क्रिसांतोनं डोकं त्याच्या तोंडावर हाणलं. तानोचे पुढचे दोन दात फरशीवर पडले. मग त्यानं बाटली टेबलावर फोडली, तानोला गुडघ्याखाली दाबलं आणि फुटकी काच त्याच्या गळ्याला लावली.

"बोल काहीतरी. या बाहीवर बोल."

तानोच्या तोंडातून रक्त गळत होतं. "माफ करा," तो म्हणाला.

क्रिसांतोनं बाटली टाकली आणि तिथंच, सांडलेल्या दारूत, बसून रडला. "मी मेलोय का रे?" त्यानं मला विचारलं. मला त्याची इतकी कीव आली होती, की टर सुचणार कुठून?

पुढच्या हंगामाआधी त्यानं लोहाराकडून एक आकडा करून घेतला, चामड्याच्या पट्ट्यांनी थोट्या हाताला आवळून बांधायचा. तो घेऊन तांडेलाकडे गेला. एउलोहिओ म्हणाला, "अहो, तुम्ही आता धक्क्यावर दोर सांभाळा."

क्रिसांतोनं तो आकडा असा हाणला, की तांडेलाच्या टेबलाची फळी चिरली. "मला अहो म्हणू नकोस," तो म्हणाला. "एकदा होडीवर घे. होडीवरचे सगळे माझ्यावर बोलताना मला ऐकायचंय." तांडेलानं त्याला घेतलं. भीतीनं घेतलं की मायेनं, देव जाणे.

पहिल्याच खेपेला क्रिसांतोनं भला दांडगा टूना गाठला. आकडा कल्ल्यात घट्ट बसला. आमच्यापैकी कुणी असता तर त्यानं मासा उलटा फिरताच आकडा सोडून दिला असता. त्याला सोडता येईना, तो हाताला बांधलेला होता. माशानं बुडी मारली आणि क्रिसांतो काठावरून सरळ जाळ्यात गेला. वरून मासे आपटत होते, त्यांच्या मध्ये त्याचं डोकं वर यायचं आणि खाली जायचं. तानो दाढांत सुरी धरून त्या लाल पाण्यात उतरला आणि त्यानं पट्ट्या कापल्या. आम्ही दोघांनाही वर ओढलं.

क्रिसांतोची छाती आत गेली होती. श्वासागणिक तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. आम्ही सगळे गप्प. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती नजर मरणाला भ्यायलेली नव्हती. आम्ही गप्प आहोत याला भ्यायलेली होती.

तानो ओलाचिंब, त्याच्यावर वाकला. पुढचे दात नसलेल्या तोंडानं म्हणाला, "मालिया, मासा पकडायचा असतो लेका. त्याच्याबरोबर पळून जायचं नसतं. आता रेमेडिओसला काय सांगू?"

क्रिसांतोच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "सांग... मासा तिच्यापेक्षा कमी बोलतो."

मग आम्ही सुटलो. कुणी त्याच्या बाहीवर बोललं, कुणी आकड्यावर, कुणी त्याच्या पोहण्यावर. मी म्हणालो, "दुसरा हात जपून ठेव, गुत्त्यात पैसे द्यायला लागतो." इतक्या महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो ऐकत होता. माझा मित्र सुखात होता, हे मी शपथेवर सांगतो.

दीपगृह मागे पडलं तेव्हा त्याच्या तोंडातले बुडबुडे थांबले. मला कळलं. तानोलाही कळलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा टोमणा आणखी मोठ्यानं मारला. मीही मारला. सगळ्या होडीला कळलेलं होतं, पण आधी गप्प कोण बसणार? आम्ही रडत होतो आणि ओरडून ओरडून त्याची टर उडवत होतो.

धक्क्यावर बायका उभ्या होत्या. आमचा कल्ला ऐकून त्या सैलावल्या. रेमेडिओसनं कमरेवर हात ठेवले आणि लांबूनच हाळी दिली, "काय रे मालिया, आज कुठला अवयव ठेवून आलास?"

होडीवरचा एकेक आवाज बंद झाला. ती उत्तराची वाट बघत उभी होती. "आज सुचेना वाटतं," ती शेजारणीला म्हणाली.

एउलोहिओनं टोपी काढली. त्याच्या टकलावर कुणी काही बोललं नाही.