रोह्याहून गेलेला फोन

हमरापूरच्या एका गणपती कारखानदाराची बुकिंगची वेबसाइट मी सांभाळतो. पेण आणि रोहा अशी त्याची दोन दुकानं. दोन्हीकडच्या ॲडमिनना सगळी गिऱ्हाइकं दिसली पाहिजेत, हा हट्ट त्याचाच. मी नको म्हणत होतो, पण ऐकतो कोण.

गेल्या गणपतीच्या आधी रोह्याच्या दुकानातल्या बाईंना दिसलं, की पेणच्या एका नेहमीच्या घराने अजून मूर्ती सांगितलेली नाही. त्यांनी आपुलकीने फोन लावला. "यंदा मूर्ती कुठून आणताय?"

"यंदा नाय बसवत," पलीकडचा माणूस म्हणाला. "आई गेली आमची."

पेणच्या दुकानात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथला माणूस तर खांदा द्यायला गेला होता.

मग कारखानदारच म्हणाला, "ज्याचं गिऱ्हाईक त्यालाच दिसू दे." एका दुपारी मी ते करून टाकलं. आता रोह्याला रोह्याची घरं दिसतात, पेणला पेणची.

सगळी घरं फक्त मला दिसतात. त्यांतल्या एकाच्याही दारात मी कधी उभा राहिलेलो नाही.