बाईंनी गोळी सोडली नाही

बस चालवणाऱ्या बाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू केली. थोरला भाऊ भडकला.

"आधीच जीव एवढासा झालाय! महिनाभर ताकद येऊ दे, मग बघू."

बाई उशीला टेकून बसल्या. "दादा, बावीस वर्षं बस चालवतेय. ब्रेक उतारावर लावतात, दरीत गेल्यावर नाही."

"जिभेला काही हाड?"

"नाही. पाणी दे."

दादानेच दिलेल्या पाण्याबरोबर त्यांनी गोळी गिळली. पुढे त्या गोळीने पाय दुखायला लागले, तेव्हा डॉक्टरांकडून ती बदलून घेतली, बंद केली नाही.

चार महिन्यांनी रक्ताचा उत्तम रिपोर्ट दादाच्या हातात कोंबून त्या नव्या चालकांना शिकवायला डेपोत निघाल्या.

"दगदग करू नकोस."

"नाही करणार. पण जाणार!"