आईच्या मानेतली गाठ
स्पिरिटचा वास आला की बालाघाटचा तो दवाखाना आठवतो. आई मोटरसायकलवरून पडली म्हणून मानेचं सीटी स्कॅन केलं, तर हाड शाबूत निघालं, पण थायरॉइडमध्ये गाठ दिसली. “अशा बहुतेक गाठी साध्याच असतात, तरी सुईनं तपासून घेऊ,” डॉक्टर म्हणाले. आईनं त्यातलं ‘बहुतेक’ एवढंच ऐकलं. वारासिवनीला घरी आल्यावर ती बाबांना रोज भात-वरण शिकवू लागली. “मले काहून शिकवून राह्यली?” बाबांनी विचारलं. “येत असलं म्हणजे बरं असते,” ती म्हणाली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. “तुले भेव वाटते का?” असं त्या आठ दिवसांत आमच्यापैकी कोणीच तिला विचारलं नव्हतं, हे मला आज कळतं.