सगळ्यांचा होकार, मामा सोडून

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत देवाला पटवणं सोपं होतं, मामांना नाही. मामा म्हणजे आईच्या गावाकडचे मानलेले भाऊ. उभी हयात कापडाच्या लूमच्या गोंगाटात गेल्यामुळे ते कुजबुजसुद्धा ओरडून करायचे. गल्लीच्या गणेश मंडळात एकदा भांडणं होऊन दोन गट पडले, तेव्हा जुन्या लोकांनी नियम केला होता: सभेत मध्ये नारळ ठेवायचा, प्रत्येकाने हात लावला तरच ठराव मंजूर. एकाचाही हात राहिला, की नारळ परत फळीवर. राहिलेला हात बहुधा मामांचा असायचा. एक नारळ तर अशा फेऱ्या मारून आतून सुकला आणि खडखडायला लागला. सहलीचं ठिकाण असो की भजनाची वेळ, मामांचं उत्तर एकच, "नही भो." शेवटी सेक्रेटरी अप्पांनी युक्ती केली. त्यांना गणपतीला निळा मंडप हवा होता, म्हणून त्यांनी गुलाबी सुचवला. मामांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि नारळाला हात लावला. त्या वर्षी गणपती गुलाबी मंडपात बसला.

महापालिकेच्या निवडणुकीत मात्र प्रकरण माझ्यावर आलं. एका उमेदवाराला मंडळाची खोली महिनाभर प्रचारासाठी हवी होती. बदल्यात गल्लीत पेव्हर ब्लॉक. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा तोंडावर होती. घरात सहा माणसं, त्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अभ्यासाला ती खोली सोडून जागा नव्हती. पण गल्लीच्या भल्याच्या आड मी कसा येणार? मीही हात लावला. मामांनी लावला नाही.

"मामा, सगळी गल्ली चिखलात ठेवता का?" अप्पा म्हणाले.

"या पोराकडे बघ. हात नारळावर नि डोळे जमिनीवर. याला होकार म्हणतो का तू?"

"मग त्यालाच विचारा."

"विचारलं तर हो म्हणेल. शिकेल आहे, लाजतो."

नारळ फळीवर गेला, पेव्हर ब्लॉक शेजारच्या गल्लीत. त्या पावसाळ्यात चिखल तुडवणारा प्रत्येक जण मला थांबवून निकाल विचारायचा.

मी पास झालो. तोवर मामा मुलाकडे कामरेजला राहायला गेले होते. मी पेढे घेऊन तिकडे गेलो. त्यांना साखरेचा त्रास, त्यामुळे नकार गृहीत धरूनच मी डबा पुढे केला. त्यांनी मुकाट्याने एक उचलला आणि खाल्ला.

"हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत," सून म्हणाली.

मी उगाच दुसरा पेढा पुढे केला, आणि त्यांनी नाही म्हणण्याची वाट बघत बसलो.